‘हा यहोवा कोण?’: फारोचा प्रश्न आणि मराठी भाषांतर

बायबलच्या जुन्या करारात देवाला काय म्हटलं आहे यावरून वाद निघाला की तो ठरलेल्या वळणांनी जातो. पहिला म्हणतो, देवाचं खरं नाव यहोवा. ते भाषांतरकारांनी हजारो ठिकाणी पुसलं, हे कारस्थान आहे. दुसरा म्हणतो, देवासाठीचा हिब्रू शब्द ‘एलोहीम’ हे अनेकवचन, म्हणजे ज्यूंचे देव मुळात अनेक; एकेश्वरवादाचा डांगोरा नंतरचा. तिसरा त्याच अनेकवचनातून ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) काढून दाखवतो. आणि चौथा, जो आपल्याकडे हमखास भेटतो, ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ म्हणत सगळ्यांची समजूत घालतो: नावं कितीही असोत, देव एकच, भांडता कशाला? चौघांनाही उत्तर आधीच ठाऊक असतं. नाव कोण घेतंय, कोणासमोर घेतंय आणि त्या क्षणी काय पणाला लागलंय, हे मात्र त्यांतला एकही जण ग्रंथ उघडून पाहत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हिब्रू शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, देवाचं एक विशेषनाम आहे आणि बाकी बहुतेक सगळ्या उपाध्या आहेत. त्या ग्रंथातले कितीतरी युक्तिवाद या फरकावरच उभे आहेत, म्हणून तो भाषांतरात डोळ्यांना दिसला पाहिजे. मराठी बायबलने नावाच्या जागी ‘परमेश्वर’ लिहून तो झाकला आहे. झाकायला नको होता. त्याच वेळी, ते नाव नेमकं कसं उच्चारायचं यावर एकमेकांची डोकी फोडणं मला निव्वळ वेळेचा अपव्यय वाटतो. नाव छापा, उच्चाराचा हट्ट सोडा. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि ज्यू परंपरेत त्या दोन हजार वर्षं नांदल्याही आहेत.

मुळात आहे काय, ते पाहू. योद, हे, वाव, हे या चार व्यंजनांचं नाव हिब्रू शास्त्रात सुमारे ६,८०० वेळा येतं. त्याला ‘माझा’, ‘तुझा’ असे प्रत्यय लागत नाहीत, त्याचं अनेकवचन होत नाही. ते माणसाच्या नावासारखं वागतं. ‘एलोहीम’ सुमारे २,६०० वेळा येतं आणि ते बहुतेक ठिकाणी ‘देव’ या आपल्या सामान्यनामासारखं वागतं. पलिष्ट्यांचा दागोन हा त्यांच्या तोंडी ‘आमचा एलोहीम’. मवाबाचा कमोश एलोहीम. सीदोनी लोकांची अष्टोरेथ, तीही एलोहीम. एकटी देवी आणि रूप पुल्लिंगी अनेकवचनी. एन-दोरच्या, मृतांचे आत्मे बोलावणाऱ्या बाईला जमिनीतून शमुवेल संदेष्ट्याचा आत्मा वर येताना दिसतो, तेव्हा ती घाबरून म्हणते, एलोहीम वर येताहेत. यहोवा मोशेला सांगतो, तुला मी फारोपुढे एलोहीम केलं आहे. आता या अनेकवचनातून इस्राएलाचे अनेक देव काढायचे असतील तर दागोनही अनेक निघतील, आणि त्रैक्य काढायचं असेल तर अष्टोरेथलाही त्रैक्याचा मान द्यावा लागेल. व्याकरण एकाच्या बाजूने वापरायचं आणि दुसऱ्याच्या वेळी विसरायचं, हे चालणार नाही. उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात एलोहीम कर्ता आहे आणि क्रियापद एकवचनी आहे. इस्राएलाचा देव अभिप्रेत असताना सामान्यतः असंच असतं.

अपवाद आहेत, ते नाकारून उपयोग नाही. अब्राहाम गरारच्या राजाशी बोलताना एलोहीमला अनेकवचनी क्रियापद लावतो. ‘आपण आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य करू’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. शिवाय दुसऱ्या पक्षाचा निष्कर्ष अर्धा खरा आहे: जुन्या इस्राएलात इतर देव अस्तित्वातच नाहीत असं कोणी मानत नव्हतं. समुद्र ओलांडल्यावरचं गीत विचारतं, हे यहोवा, देवांमध्ये तुझ्यासारखा कोण? इस्राएलाचा सेनानी इफ्ताह अम्मोनी राजाला सुनावतो, तुझा देव कमोश जे देईल ते तू घे, आमचा देव यहोवा जे देईल ते आम्ही घेऊ. पण पाहा, हा पुरावा अनेकवचनातून येत नाही. तो येतो तो एका नावासमोर दुसरं नाव उभं करण्यातून. म्हणजे दुसऱ्या पक्षाला आपली बाजू मांडायची असेल तर त्याला विशेषनाम लागतं, आणि तो बसलाय प्रत्यय मोजत.

आता फारो. मिसरच्या या राजाकडे इस्राएली गुलामांना सोडवायला मोशे आणि अहरोन जातात आणि म्हणतात, इस्राएलाचा देव यहोवा असं असं म्हणतो. फारो म्हणतो: हा यहोवा कोण, की मी त्याचं ऐकावं? मी यहोवाला ओळखत नाही. मराठीत इथे ‘परमेश्वर’ वाचा. ‘हा परमेश्वर कोण?’ ऐकताच मिसरचा राजा नास्तिक, उद्दाम, साक्षात हिरण्यकशिपूचा भाऊ वाटू लागतो. मूळ प्रसंगात तो इतकंच म्हणतोय की हे नाव मी ऐकलेलं नाही. मिसरमध्ये देवांची काय वाण होती? तो अमूनला ओळखतो, प्ताहला ओळखतो, रेला ओळखतो. विटा पाडणाऱ्या गुलामांचा, वाळवंटातून आलेला हा कोण नवा? त्याच्या जागी कोणत्याही राजाने हेच विचारलं असतं. आणि पुढचे सगळे अनर्थ या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतात. ‘म्हणजे मी यहोवा आहे हे मिसऱ्यांना कळेल’ हे वाक्य निर्गम या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं. मराठीत ते होतं ‘मी परमेश्वर आहे हे कळेल’. नाव काढून घेतलं की प्रश्न आणि उत्तर यांच्यातली साखळीच तुटते, आणि राहतो तो एक मगरूर राजा आणि एक रागीट देव.

कर्मेल डोंगरावर तर याहून वाईट होतं. इस्राएलाचा राजा अहाब याच्या राज्यात, इ.स.पू. नवव्या शतकात, राणी ईजबेल सीदोनहून आलेली, बआल या देवाचे संदेष्टे राजाश्रयाला. यहोवाचा संदेष्टा एलीया लोकांना विचारतो, दोन्ही दगडांवर पाय ठेवून किती दिवस लंगडणार? यहोवा हा एलोहीम असेल तर त्याच्यामागे जा, बआल असेल तर त्याच्यामागे. तुम्ही तुमच्या देवाचं नाव घेऊन हाक मारा, मी यहोवाचं नाव घेऊन मारतो. अग्नीने उत्तर देईल तो एलोहीम. ही निवडणूक आहे. पद एक, उमेदवार दोन, दोघांचीही नावं मतपत्रिकेवर. मराठीत उमेदवाराच्या जागी ‘परमेश्वर’ छापलं की वाक्य होतं, परमेश्वर हा देव असेल तर त्याच्यामागे जा. परमेश्वर देव नसेल तर काय असेल? निकाल आधीच लावून ठेवलेल्या मतपत्रिकेवर कोण मत देणार? शेवटी लोक पालथे पडून दोनदा ओरडतात, यहोवा हाच एलोहीम! तो आक्रोश मराठीत ‘परमेश्वर हाच देव’ असा येतो आणि कॅलेंडरवरच्या सुविचारासारखा सपाट होतो.

हे झाकणं अपघाताने झालेलं नाही, त्यामागे विचार आहे. इंग्रजीत १६११ च्या राजा जेम्सच्या आवृत्तीने चार ठिकाणी तेवढं नाव सुटं छापलं आणि बाकी जवळजवळ सगळीकडे मोठ्या अक्षरांत ‘लॉर्ड’ घातलं. १९०१ च्या अमेरिकन आवृत्तीने ‘जेहोवा’ परत आणलं; १९५२ च्या सुधारित आवृत्तीने ते पुन्हा काढलं. काढताना प्रस्तावनेत जे कारण दिलं ते मला आजही बुचकळ्यात टाकतं: एकमेव देवाला विशेषनाम लावणं म्हणजे जणू वेगळे ओळखावेत असे इतर देवही आहेत असं सुचवणं, आणि ते अयोग्य. पण बाबांनो, कर्मेलवर दुसरं काय चाललं होतं? फारोसमोर काय चाललं होतं? इतर देवांपासून वेगळं ओळखणं हाच तर त्या पानांचा विषय आहे. ग्रंथ जिथे सिद्ध करू पाहतो ते भाषांतरकार गृहीत धरतात आणि मग म्हणतात, सिद्धतेची गरज काय? तुकोबांच्या अभंगांचं इंग्रजी करताना कोणी प्रत्येक ‘विठ्ठल’ खोडून तिथे ‘गॉड’ घातला, आणि म्हणाला की देव एकच आहे ना, मग नाव कशाला, तर आपण त्याला पंढरपूरचा रस्ता दाखवू की नाही?

मराठी भाषांतराच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करायला हवी. आपल्याकडे हे काम इंग्रजीपेक्षा सुसूत्र झालं आहे. चार अक्षरी नावाला ‘परमेश्वर’, एलोहीमला ‘देव’, अदोनायला ‘प्रभू’ अशी वाटणी बरीच नेमाने पाळलेली आहे. म्हणून यहेज्केलाच्या पुस्तकात पानोपानी ‘प्रभू परमेश्वर’ दिसतं आणि एकशे दहाव्या स्तोत्रात ‘परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो’ हे वाक्य गोंधळ न होता वाचता येतं. ज्याला किल्ली ठाऊक आहे त्याला मूळ पाठ परत उभा करता येतो. अडचण ही की किल्ली वाचकाच्या हाती कोणी देत नाही. आणि ‘परमेश्वर’ हा काही कोरा शब्द नाही. फादर स्टीफन्सनी साष्टीत बसून क्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं, त्यातही हा शब्द आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून तो शिवाला आणि विष्णूला लागत आलाय. सगळ्या ईश्वरांच्या वरचा, असा दावाच त्यात आहे. हिब्रू नाव असा दावा करत नाही. दावा पुढच्या वाक्यात येतो आणि तो लढून मिळवावा लागतो. हिंदीतल्या जुन्या प्रचलित भाषांतरात मात्र ‘यहोवा’ सर्रास छापलेलं आहे, आणि हिंदी वाचकाचं त्यामुळे काही बिघडलेलं दिसत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ज्यू लोक हे नाव उच्चारत नाहीत. ज्यांचा ग्रंथ त्यांच्या भावनेचा मान ठेवायला नको का? ठेवायला हवा, आणि २००८ मध्ये व्हॅटिकनने कॅथलिक उपासनेत हे नाव गाऊ-उच्चारू नये असं पत्र काढलं तेव्हा मला ते योग्यच वाटलं. पण न उच्चारणं आणि न लिहिणं या एकच गोष्टी आहेत का? सिनेगॉगमधल्या तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळीत हे नाव अगदी पूर्ण लिहिलेलं असतं. ते लिहिताना लेखनिकाने पाळायचे खास नियम आहेत. मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या काही प्रतींत बाकीचा मजकूर नेहमीच्या हिब्रू लिपीत आणि हे नाव तेवढं शेकडो वर्षं जुन्या वळणाच्या लिपीत आहे. काही ठिकाणी त्याच्या जागी चार ठिपके दिलेत. म्हणजे लिहिणाऱ्याने सांगितलं: थांब, इथे ते आहे. तिबेरियाच्या मासोरा पंडितांनी, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी, पुढे स्वरचिन्हं लावली तेव्हा चार व्यंजनांना हात लावला नाही, फक्त ‘अदोनाय’ वाचायची खूण केली. डोळ्यांनी पाहा, जिभेने दुसरं म्हणा, ही ती परंपरा. आपलं भाषांतर जिभेचा नियम उचलतं आणि डोळ्यांचा टाकून देतं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचंच पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले हे लोक हिब्रू ग्रंथ हरवून बसले होते, पण ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडी राहिली: शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद (ऐक इस्राएला, अदोनाय आमचा देव, अदोनाय एकच). लिहिताना या ओळीत दोनदा चार अक्षरी नाव, म्हणताना दोनदा अदोनाय. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मराठीत आणलेला जुना करार त्यांनी वाचला, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली, आणि न उच्चारण्याचा नियम कायम राहिला. तरी मलिदा या विधीच्या वेळी ज्या एलियाहू हन्नाबीचं नाव ते घेतात, त्या नावातच नियमाची फट आहे. एलियाहू म्हणजे ‘माझा एल (देव) तो याहू’. पूर्ण नाव ओठांवर येत नाही. त्याचा तुकडा संदेष्ट्याच्या नावातून, ‘हल्लेलूया’तून, यशया-यिर्मयाच्या मूळ हिब्रू नावांतून रोज येतो.

आणि ही न उच्चारण्याची रीत सुरुवातीपासूनची आहे का? मुळीच नाही. रूथच्या गोष्टीत शेतमालक बवाज शेतावर येतो आणि कापणी करणाऱ्या मजुरांना म्हणतो, यहोवा तुमच्यासोबत असो. मजूर उलट म्हणतात, यहोवा तुमचं भलं करो. रामराम घालावा तसं. १९३५ मध्ये लाखीशच्या उत्खननात खापरांवर शाईने लिहिलेली लष्करी पत्रं मिळाली. बाबेलच्या स्वारीच्या दिवसांतली, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभीची. त्यांची सुरुवात अशा धर्तीची: यहोवा माझ्या धन्याला कुशल वार्ता ऐकवो. एका शिपाईगड्याने वरिष्ठाला धाडलेल्या फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर हे नाव सहज येतं. इ.स.पू. पाचव्या शतकात मिसरच्या एलेफंटाइन बेटावरची ज्यू वसाहत ‘याहो’ म्हणत होती, त्याचं देऊळ बांधून होती. मौन नंतर दाटत गेलं. मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहाच्या सांगण्यानुसार प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक मंदिरात ते उच्चारी आणि अंगणातले लोक दंडवत घालीत. ७० साली रोमन सैन्याने मंदिर पाडलं आणि ती जागाच गेली. इतिहासकार योसेफस त्याच शतकात ग्रीक वाचकांना जळत्या झुडपाची गोष्ट, जिथे देव मोशेला आपलं नाव सांगतो ती, सांगतो आणि नावापाशी येऊन म्हणतो, ते सांगायची मला मुभा नाही.

मग उच्चार गेला, हे पहिल्या पक्षाने मान्य करायला हवं. ‘यहोवा’ हे रूप अदोनायचे स्वर आणि नावाची व्यंजनं एकत्र वाचल्यातून जन्मलं. भाषांतरकार टिंडेलने १५३० मध्ये ते इंग्रजीत रूढ केलं. अभ्यासक ‘याहवे’ जास्त संभवनीय मानतात. तरी मी या लेखात ‘यहोवा’च लिहितोय, कारण मराठी वाचकाला तेच ओळखीचं आहे आणि मुद्दा ओळखण्याचा आहे. आपण येशूला, मोशेला, यशयाला तरी मूळ उच्चाराने कुठे हाक मारतो? उच्चार ठाऊक नाही म्हणून विशेषनाम काढून उपाधी घालायची, हा नियम लावला तर मिसरी फारोंची निम्मी नावं इतिहासातून उडतील. त्यांचेही स्वर लिपीत नाहीत. पण ज्यांना वाटतं की देव ‘यहोवा’ म्हटल्याशिवाय ओ देत नाही, त्यांनी उपदेशकाचं पुस्तक काढून पाहावं. त्यात हे नाव एकदाही नाही, सगळीकडे एलोहीम. एस्तेरच्या पुस्तकात तर देवाचा उल्लेखच नाही. दोन्ही पुस्तकं शास्त्रात आहेत ना?

ग्रीकचा मुद्दा याहून अवघड आहे. ग्रीक भाषांतराच्या सर्वांत जुन्या काही तुकड्यांत हे नाव हिब्रू अक्षरांतच ठेवलेलं सापडतं. बायबल लॅटिनमध्ये आणणारा जेरोम सांगतो की अडाणी वाचक ती हिब्रू अक्षरं ग्रीक समजून ‘पिपि’ वाचत! पण नव्या कराराच्या हजारो ग्रीक हस्तलिखितांत ते एकदाही नाही. तिथे ‘क्युरियोस’, प्रभू. पहिल्या ख्रिस्ती लेखकांना प्रभूवर भागत होतं, मग आपल्याला का भागू नये? या आक्षेपाचा अर्धा भाग मी बिनशर्त मान्य करतो: नव्या करारात ‘यहोवा’ घालणं चूक आहे. १९५० पासूनच्या एका प्रसिद्ध आवृत्तीने ते केलं, आणि प्रेषित पौलाची वाक्यं मोडली. रोमकरांस पत्रात पौल योएल संदेष्ट्याचं वचन घेतो, जो कोणी प्रभूचं नाव घेईल त्याचं तारण होईल, आणि आधीच्याच ओळींत तो येशूला प्रभू म्हणत असतो. शब्दाचा दुहेरीपणा हेच त्याचं हत्यार आहे. ते काढून घेण्याचा भाषांतरकाराला हक्क नाही. पण हाच न्याय हिब्रूलाही लावा. पौलाने जिथे दुहेरी शब्द वापरला तिथे दुहेरी ठेवायचा, आणि एलीयाने जिथे एकेरी नाव घेतलं तिथे एकेरी ठेवायचं. एका कराराची सोय दुसऱ्यावर लादायची कशाला?

आणखी एक आक्षेप आहे, जो विरोधक सहसा मांडत नाहीत. मला तो सर्वांत भारी वाटतो, म्हणून मीच मांडतो. शास्त्राच्या संपादकांनीच नाव बदललेलं आहे. बेचाळीस ते त्र्याऐंशी या स्तोत्रांत एलोहीमचा सुकाळ आहे आणि यहोवाचा दुष्काळ. चौदावं आणि त्रेपन्नावं स्तोत्र जवळपास एकच आहे; चौदाव्यात जिथे यहोवा, तिथे त्रेपन्नाव्यात एलोहीम. पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो, ‘मी एलोहीम, तुझा एलोहीम’. हे वाक्य कानाला खटकतं, कारण दहा आज्ञांतलं मूळ रूप आहे ‘मी यहोवा, तुझा एलोहीम’. कोणीतरी नावावर उपाधी चिकटवली आहे आणि सांधा दिसतोय. मग ‘परमेश्वर’ चिकटवणाऱ्या मराठी भाषांतरकाराने वेगळं काय केलं? केलं. स्तोत्रं एकत्र करणाऱ्यांनी त्रेपन्नावं ठेवलं आणि चौदावंही ठेवलं. दोन्ही पाठ एका पुस्तकात, वाचकाच्या डोळ्यांसमोर. बदल केला, पण त्याचा माग पुसला नाही.

राहिला चौथा, समन्वयवादी मित्र. त्याच्यावर मला थोडा लोभ आहे, कारण शास्त्राने त्याचं अर्धं म्हणणं खरोखरच उचललं आहे. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्राला उत्खनन झालं आणि उगारीत नगराच्या मातीच्या पाट्या निघाल्या. त्यांत एल हा देवांचा वृद्ध प्रमुख आहे, बआल हा वादळाचा तरणा देव आहे. आता उत्पत्ती पाहा: शालेमचा राजा मलकीसदेक एल एल्योनचा (सर्वोच्च एलचा) याजक, बैर-शेब्यात एल ओलाम, अब्राहामाला दर्शन देणारा एल शद्दाय. हागार ही मिसरी दासी, छळाला कंटाळून रानात पळालेली. तिच्याशी बोलणाऱ्याला ती तोंडावर नाव देते, एल रोई, मला पाहणारा देव. ही सगळी ठिकाणांची, माणसांची, प्रसंगांची नावं यहोवाने आपलीशी केली. निर्गमाच्या सहाव्या अध्यायात तो मोशेला सांगतो, तुझ्या पूर्वजांना मी एल शद्दाय म्हणून दिसलो, यहोवा या नावाने मी त्यांना कळलो नव्हतो. (उत्पत्तीत मात्र अब्राहामाला ‘मी यहोवा’ असं आधीच सांगून झालेलं असतं. या विसंगतीने पंडितांना दोन शतकं पोसलं. झाँ आस्त्र्यूक या फ्रेंच वैद्याने १७५३ मध्ये नावांवरून उत्पत्तीचे मूळ स्रोत वेगळे काढले, जर्मन पंडित वेलहाउझेनने त्याचा पुढे वाडा बांधला. वाड्याचा पाया मला पटतो. प्रत्येक खोलीच्या भिंती तितक्या पटत नाहीत.) हिब्रू शास्त्रात एलला शत्रू मानणारी ओळ मला माहीत नाही. मानणार कशी? राष्ट्राचं नावच इस्राएल.

पण हेच बआलाच्या बाबतीत का झालं नाही? एकं सत् असेल तर बआलही त्याचंच नाव ठरायला काय हरकत होती? आणि गंमत अशी की काही काळ ते ठरलंही होतं. बआल म्हणजे धनी, मालक, नवरा. शौल राजाने एका मुलाचं नाव ठेवलं योनाथान, म्हणजे यहोवाने दिलेला, आणि दुसऱ्याचं एश-बआल, म्हणजे बआलाचा माणूस. एकाच घरात! दावीदाकडे आलेल्या एका वीराचं नाव ‘यहोवाच बआल’ अशा अर्थाचं आहे. त्या पिढीला ‘धनी’ ही यहोवाची उपाधी चालत असावी. मग ईजबेलचं राज्य आलं, कर्मेल झालं, आणि इ.स.पू. आठव्या शतकात होशेय संदेष्ट्याने देवाच्या तोंडी घातलं: यापुढे तू मला ‘माझा बआल’ म्हणणार नाहीस. शमुवेलाच्या पुस्तकात एश-बआलाचा ईश-बोशेथ झालेला आहे, लाजेचा माणूस. बायबलच्या ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात जुनं नाव तसंच राहून गेलं. म्हणजे समन्वय कुठे करायचा आणि कुठे मोडायचा, हे त्या लोकांनी रक्त सांडून ठरवलं होतं. त्यांचा निर्णय आपल्याला आवडो न आवडो, ‘सगळी नावं एकच’ म्हणून तो पुसणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. नियतीची थट्टा पाहा: ‘धनी’ म्हणून बआल हाकलला, आणि पुढे नावाच्या जागी जो शब्द बसला त्या अदोनायचाही अर्थ धनीच.

नाव आणि उपाधी यांची निवड किती जाणतेपणाने झाली आहे याचा मला सर्वांत आवडणारा नमुना म्हणजे योना या संदेष्ट्याचं छोटंसं पुस्तक. वादळ सुटतं, खलाशी आपापल्या एलोहीमला हाका मारतात. तांडेल योनाला हलवून म्हणतो, ऊठ, तुझ्या एलोहीमला हाक मार. योना सांगतो, मी हिब्री, मी स्वर्गीच्या देवाला, यहोवाला भजतो. आणि ते परदेशी खलाशी, ज्यांनी हे नाव आत्ताच ऐकलं, ते पुढच्या प्रार्थनेत ‘हे यहोवा’ म्हणतात, त्याला बळी अर्पण करतात. ज्या निनवे शहराला इशारा द्यायला देवाने त्याला धाडलं, तिथे मात्र योना कोणाच्या नावाने बोलतोय ते सांगतच नाही. म्हणून निनवेकर पश्चात्ताप करतात तो एलोहीमपुढे, यहोवापुढे नव्हे. संदेष्ट्याचा आकस त्या एका न सांगितलेल्या नावात आहे. ईयोबाच्या पुस्तकातही हेच भान आहे: निवेदक यहोवा म्हणतो, वाद घालणारे बिगर-इस्राएली मित्र एल, एलोआह, शद्दाय म्हणतात, संपूर्ण शास्त्रातल्या अठ्ठेचाळीस ‘शद्दाय’पैकी एकतीस एकट्या ईयोबात आहेत. एदेन बागेत निवेदक प्रत्येक वेळी ‘यहोवा एलोहीम’ म्हणतो, आणि साप व बाई बोलायला लागले की नुसतं एलोहीम. साप नाव घेत नाही. मराठीत हे सगळं ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ यांच्या धुक्यात उरतं. ज्याला ते शोधायचं कोणी सांगितलेलं नाही, त्याला ते दिसणार कसं?

नाव आणि उपाधी यांची गल्लत झाली की प्रकरण कोर्टात जातं, हेही आपण पाहिलं आहे. मलेशियात ‘अल्लाह’ हा शब्द ख्रिस्ती साप्ताहिकाने वापरावा की नाही यावर खटला चालला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती बाजूला अपिलाची परवानगी नाकारली. दहाव्या शतकात सआदिया गाओन हा थोर ज्यू पंडित तोरा अरबीत आणताना याच शब्दाने देवाला संबोधत होता. मलय भाषेतला मत्तय सतराव्या शतकातच छापून निघाला होता. चीनमध्ये जेझुइट मिशनऱ्यांनी ‘तिएन’ आणि ‘शांग-ती’ वापरलं, रोमने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते बंद करून ‘तिएनचू’ ठरवलं. नंतर प्रोटेस्टंट आपसांत भांडले आणि चिनी बायबल आजही दोन वेगवेगळ्या शब्दांच्या आवृत्त्यांत मिळतं. या सगळ्या भांडणांत उपाधीवर मालकी सांगितली गेली. मूळ ग्रंथात मालकी सांगितलेली आहे ती फक्त चार अक्षरांवर. एलोहीम हा शब्द तो कमोशलाही उदारपणे देऊन टाकतो.

तेव्हा मराठीच्या पुढच्या आवृत्तीसाठी मागणी फार मोठी नाही. सार्वजनिक वाचनाच्या प्रतींत ‘परमेश्वर’ राहू द्या. ज्या मंडळ्यांचे कान त्यावर घडले आहेत त्यांची स्तोत्रं मोडायचं कारण नाही. अभ्यासाच्या प्रतींत मात्र हिब्रू भागात नाव छापा, आणि अवघड जागी आडपडदा ठेवू नका. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात एल्योन राष्ट्रांना वतनं वाटतो आणि याकोब हा यहोवाच्या वाट्याला येतो. मासोरा पाठात ही वाटणी इस्राएलाच्या पुत्रांच्या संख्येप्रमाणे होते, मृत समुद्राकाठच्या प्रतीत देवाच्या पुत्रांच्या. वाटणारा आणि वाटा घेणारा एकच की दोन, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. भाषांतरकाराने ते आपल्या अधिकारात मिटवू नये. आठव्या ओवीत ‘एल्योन’ छापावं, नवव्या ओवीत ‘यहोवा’ छापावं, आणि गुहेतला पाठ तळटीपेत द्यावा.